उंबरठ्याआधीची फी

ज्ञानप्राप्ती प्रत्येक मुस्लिमावर फर्ज आहे, या आशयाची हदीस आपल्या घराघरांत तोंडपाठ असते. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती ऐकू येते, निकाहनंतरच्या नसीहतीत ऐकू येते आणि निवडणुकीच्या व्यासपीठावरूनही ऐकू येते. मात्र या फर्जाची फी कोणी भरावी, हा प्रश्न निघाला की बैठकीत शांतता पसरते. शिकणारे मूल लहान असेल तर उत्तर सोपे आहे, बाप भरतो. परंतु शिकू इच्छिणारा स्वतःच बाप असेल तर? दिवसा तो अंबडच्या कारखान्यात यंत्रावर उभा राहत असेल, त्याच्या एकट्याच्या पगारावर पाच माणसे जगत असतील, आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठीच त्याला आधी काही वर्षांची तयारी पदरमोड करून करावी लागणार असेल, तर ती रक्कम नेमकी कोणाच्या हक्कातून निघते? प्रस्तुत लेखात या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

नाशिककरांना हा प्रश्न परका नाही. १९८९ साली महाराष्ट्र विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्याच शहराच्या वेशीवर, गंगापूर धरणाच्या वाटेवर उभे आहे. ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांना पूर्वतयारीच्या शिक्षणक्रमातून पदवीकडे नेणारी वाट या विद्यापीठाने उघडली, आणि नोकरी-धंदा सांभाळून अभ्यासकेंद्रात शिकता येईल अशी सोय केली. या वाटेने चालू पाहणारी माणसे तुमच्या-आमच्या मोहल्ल्यातलीच असतात. दुकानात हिशेब लिहिणारा एखादा बी.कॉम. तरुण एम.सी.ए. करू पाहतो, त्याला कळते की बारावीला किंवा पदवीला गणित हवे आणि संगणकाची पार्श्वभूमी नसेल तर सेतू अभ्यासक्रमही हवा. डी.एड. करून प्राथमिक शाळेत लागलेल्या भगिनीला एम.ए. करायचे असते, त्याआधी तिला पदवी पूर्ण करावी लागते. एखाद्या मशिदीचे इमामसाहेब आलिम-फाजिल असतात, अरबी व्याकरणात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नसतो, आणि तरीही विद्यापीठाच्या खिडकीवर त्यांना दहावी-बारावीचे प्रमाणपत्र मागितले जाते.

या सर्वांना जी फी भरावी लागते, ती ज्या शिक्षणाची ओढ आहे त्याची नसते. ती केवळ त्या शिक्षणाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचण्याची फी असते. आणि नेमकी हीच फी कोणाच्या योजनेत बसत नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्था पूर्णवेळ शिकणारा, कोवळ्या वयाचा विद्यार्थी शोधतात. बँक पदवीचे नाव, महाविद्यालयाची मान्यता आणि पुढील नोकरीची शक्यता पाहते. मोहल्ल्यातील जकातीचे वाटप करणारे बुजुर्ग अशा माणसाकडे पाहून म्हणतात, ‘हा तर कमावता आहे.’ सर्वांचेच म्हणणे आपापल्या जागी बरोबर, आणि अर्ज मात्र सर्वांकडूनच परत.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने २००१ च्या आकडेवारीवरून दाखवून दिले होते की देशातील वीस वर्षांवरील लोकसंख्येत पदवी किंवा पदविका असलेल्यांचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते, तर मुस्लिमांमध्ये ते ४ टक्क्यांहूनही कमी होते. हा अहवाल आपण भाषणांत पुष्कळदा वापरला. पण जे त्या ४ टक्क्यांत आले नाहीत, ते कोठे गेले, याची चौकशी क्वचितच झाली. ते कोठेही गेलेले नाहीत. ते आज चाळिशीच्या आसपास आहेत, सातपूरच्या पाळ्यांत आहेत, भद्रकालीच्या दुकानांत आहेत, मालेगावच्या यंत्रमागांवर आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींच्या मनात शिकण्याची इच्छा अद्याप जिवंत आहे.

या वयात शिकणे शोभते काय, असे कुजबुजणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांच्याशी फार वाद घालण्याची आवश्यकता नाही. इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या संग्रहाच्या ज्ञानविषयक प्रकरणात, नेतृत्व अंगावर येण्यापूर्वी धर्माची समज प्राप्त करून घ्या, या अर्थाचा हजरत उमर (रजि.) यांचा उपदेश नोंदवला आहे, आणि लगेच स्वतःची पुस्ती जोडली आहे की नेतृत्व आल्यानंतरही शिकावे, कारण प्रेषितांचे (स.) सहाबा मोठ्या वयात शिकले होते. सूरह अल-कह्फमध्ये हजरत मूसा (अ.) ज्ञानाच्या शोधात प्रवासाला निघतात, तेव्हा ते प्रेषित होते, एका समूहाचे नेते होते. तेथेही शिकवणीआधी एक अट घातली गेली आणि त्यांनी ती स्वीकारली (कुरआन, १८:६६-७०). वयाने आणि मानाने मोठ्या माणसाला ‘आधी हे पूर्ण करून या’ असे सांगितले जाण्यात कमीपणा नाही.

खरा प्रश्न शोभण्याचा नाहीच. तो हक्काचा आहे. ज्यांचे पालनपोषण आपल्यावर आहे त्यांची उपेक्षा करणे हे माणसाला पापी ठरवण्यास पुरेसे आहे, अशी ताकीद हदीसमध्ये आली आहे (अबू दाऊद). पत्नीचा नफका, मुलांचे अन्नवस्त्र, वृद्ध अम्मी-अब्बांचे औषधपाणी यांचा क्रमांक फीच्या आधी लागतो. येथे कोणत्याही फिकही मताला वळसा घालता येत नाही. ज्याच्या पगारातून एवढे भागल्यावर काहीच उरत नाही, त्याने फीसाठी मुलांचे दूध कमी करू नये. कुरआनने ऐपतवाल्याला ऐपतीप्रमाणे आणि ज्याची उपजीविका मोजकी आहे त्याला मिळालेल्यातून खर्च करण्यास सांगितले आहे (६५:७).

परंतु वाचकहो, पैसा हा या व्यवहाराचा लहान भाग आहे. मोठा भाग वेळेचा आहे, आणि तो कोणीच मोजत नाही. अर्धवेळ विद्यार्थी फी एकदा पैशांत भरतो आणि दुसऱ्यांदा घराच्या तासांत भरतो. मालेगावचे यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. अभ्यासवर्ग मात्र बहुधा रविवारी भरतात. कापडाच्या मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारागिराने रविवारी वर्गात जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडायची. ही रक्कम कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेली नसते. नाशिकच्या कारखान्यात दुसरी पाळी करून मध्यरात्री घरी येणारा माणूस सकाळी पुस्तक उघडून बसतो, तेव्हा मुलाला शाळेत सोडण्याचे, गॅस सिलिंडर आणण्याचे, अब्बांना सिव्हिल हॉस्पिटलच्या रांगेत नेण्याचे काम आपोआप दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडते. तो ‘दुसरा कोणी’ बहुतेक वेळा पत्नी असते. तिला कोणी विचारलेले नसते.

हजरत सलमान (रजि.) यांनी आपले बंधुवत मित्र अबू दर्दा (रजि.) यांना जी समज दिली, ती बुखारीमध्ये आली आहे: पालनकर्त्याचा तुमच्यावर हक्क आहे, तुमच्या देहाचा आहे, तुमच्या घरच्यांचाही आहे, प्रत्येकाला त्याचा हक्क द्या. लक्षात घ्या, अबू दर्दा (रजि.) नमाज आणि रोजे यांत मग्न होते, खेळात नव्हे. इबादतीतील अतिरेकालाही जर घरच्यांचा हक्क अडवू शकतो, तर अभ्यासक्रमाला तो का अडवू शकणार नाही? म्हणून ज्याला या वयात शिकायचे आहे त्याने प्रवेश-अर्ज भरण्यापूर्वी आठवड्याच्या तासांचा हिशेब पत्नीसमोर मांडावा आणि तिचे उत्तर ऐकून घ्यावे. तिने ‘या वर्षी नको, धाकटीचे दूध सुटू दे’ असे म्हटले, तर ते उत्तर मानण्यासारखे आहे. शिकणारी पत्नी असेल तर हाच हिशेब पतीने आपल्या अंगावर घ्यावा. शिक्षिका असलेल्या भगिनीचा पगार तिचा स्वतःचा आहे, तिने त्यातून स्वतःची फी भरली तरी तिचा नफका पतीवरून उतरत नाही. आणि रविवारी ती वर्गात असताना मुलांना जेवू घालणे हे उपकारात मोजण्यासारखे काम नाही.

आता भावांकडे येऊ. आपल्या समाजातील अर्धे शिक्षण भावांच्या जिवावर उभे आहे.

तिर्मिजीमध्ये हजरत अनस (रजि.) यांच्याकडून एक घटना आली आहे. प्रेषितांच्या (स.) काळात दोन भाऊ होते. एक प्रेषितांच्या (स.) सेवेत येऊन शिकत असे, दुसरा कामधंदा करीत असे. कमावणाऱ्या भावाने दुसऱ्याविषयी तक्रार केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला समजावले की कदाचित त्याच्यामुळेच तुला उपजीविका मिळत असेल. ही हदीस अनेक घरांत मोठ्या भावाला गप्प करण्यासाठी वापरली जाते. मोठा दहावीनंतर गॅरेजवर गेला, धाकटा इंजिनिअर झाला. मोठ्याने कधी शब्द काढला की अब्बा ही हदीस ऐकवतात. माझ्या अल्पमतीप्रमाणे ही तिची योग्य जागा नव्हे. ते शब्द कमावणाऱ्या भावाचे सांत्वन करण्यासाठी उच्चारले गेले. शिकणाऱ्या भावाला त्याचा हिशेब चुकता झाल्याची पावती देण्यासाठी नव्हे. त्यात ‘कदाचित’ हा शब्दही आहे, आणि तो सोडून हदीस सांगणे बरे नाही. धाकट्याने ती स्वतःच्या तोंडाने मोठ्याला ऐकवणे तर मुळीच बरे नाही.

या हदीसबरोबर दुसरी एक घटना वाचली पाहिजे, म्हणजे चित्र पूर्ण होते. हजरत उमर (रजि.) मदीनेच्या वरच्या भागात राहत असत. त्यांनी आपल्या अन्सारी शेजाऱ्याशी पाळी लावून घेतली होती. एक दिवस शेजारी प्रेषितांच्या (स.) सेवेत जाई आणि त्या दिवशीचे सर्व वृत्त संध्याकाळी उमर (रजि.) यांना सांगे, दुसऱ्या दिवशी उमर (रजि.) जात आणि शेजाऱ्याला येऊन सांगत. इमाम बुखारी (रह.) यांनी ज्ञानात पाळी लावून घेण्याविषयी स्वतंत्र मथळाच दिला आहे. सुफ्फ्यावरील सहाबा पूर्णवेळ विद्यार्थी होते, आणि त्यांच्या जेवणाची काळजी मदीनेची वस्ती घेत असे. उमर (रजि.) अर्धवेळ विद्यार्थी होते. इस्लामच्या पहिल्या पिढीत दोन्ही प्रकार होते, आणि अर्धवेळ शिकणाऱ्याला कोणी कमी प्रतीचा मानल्याचे दिसत नाही.

पाळीचा अर्थ असा की ती फिरते. ज्या मोठ्या भावाने वीस वर्षांपूर्वी धाकट्यासाठी पाळी दिली, तो आज पस्तीस-चाळीस वर्षांचा आहे, आणि त्याला राहिलेली बारावी, राहिलेली पदवी पूर्ण करून पुढे शिकायचे आहे. आता पाळी कोणाची? शरीअतच्या कायद्यात धाकट्यावर तो पैसा परत करण्याची सक्ती नाही, कारण तो कर्ज म्हणून दिलेला नव्हता. पण उपकाराची परतफेड उपकाराशिवाय कशाने होते, असा प्रश्न सूरह अर-रहमानमध्ये केला गेला आहे (५५:६०). पुण्यात चांगल्या पगारावर असलेला धाकटा भाऊ ईदला मोठ्यासाठी शर्टपीस आणतो, भाभींसाठी साडी आणतो, पुतण्यांना ईदी देतो. ही सर्व प्रेमाची देणी आहेत, ती राहू द्यावीत. मात्र भाईजानच्या तीन वर्षांच्या फीची रक्कम त्या ईदीपेक्षा फार मोठी नसते, आणि ती मागायला भाईजान कधी येणार नाहीत. धाकट्याने स्वतः उठून विचारले पाहिजे.

हे होत नाही तेव्हा नजर घरातील सोन्याकडे वळते. पत्नीचे मेहर आणि तिला माहेरहून मिळालेले दागिने ही तिची मालमत्ता आहे. तिने राजीखुशीने काही सोडले तर ते पतीसाठी हलाल आहे (४:४), पण राजीखुशी म्हणजे रात्री दहा वाजता, मुले झोपल्यावर, दोन तासांच्या आर्जवानंतर हलवलेली मान नव्हे. ती देण्यास तयार असेल तर देण्याचे स्वरूप ठरवून घ्यावे. दागिना उसना दिला आणि तो मोडला, तर तितक्याच वजनाचे, तितक्याच कसाचे सोने परत करावे लागेल, भाव कितीही चढला तरी. तिने दागिना विकून रुपये उसने दिले असतील तर रुपयेच परत करायचे. सोन्याचे भाव पाहता या दोहोंत केवढा फरक पडतो हे सराफ बाजारात विचारा. दागिना बँकेत किंवा फायनान्स कंपनीत तारण ठेवण्याचा तिसरा मार्ग सर्वांत सोपा दिसतो, आणि तेथेच व्याज दारात येते.

व्याजाविषयी कुरआनची भूमिका इतकी स्पष्ट आहे (२:२७५-२७९) की तिचा पुनरुच्चार येथे नको. चर्चा होते ती ‘नाइलाजा’ची. वैद्यकीय प्रवेश मिळालेली मुलगी, मुदत आठ दिवसांची, व्याजाशिवाय दुसरा मार्ग नाही, अशा प्रसंगी काही आलिमांनी काय सवलत दिली आणि काहींनी का नाकारली, तो स्वतंत्र विषय आहे. आपला अर्धवेळ विद्यार्थी त्या प्रसंगात बसत नाही, हे मात्र सांगितले पाहिजे. त्याला पगार आहे. त्याचा अभ्यासक्रम त्याच्या गतीने चालू शकतो. या वर्षी फी जमली नाही तर पुढच्या वर्षी प्रवेश घेता येतो, आणि दरम्यान कोणाचा जीव जात नाही. ज्याला थांबता येते त्याने नाइलाजाचा आधार घेणे कठीण आहे. अल्पसंख्याकांसाठीच्या शासकीय महामंडळाचे शैक्षणिक कर्ज सवलतीच्या दराचे असते. दर कमी आहे म्हणून ते व्याज नाही असे होत नाही. क्रेडिट कार्डावर फी भरून तिचे हप्ते पाडणे हाही तोच प्रकार. मात्र संस्थेनेच एकूण रक्कम न वाढवता फी दोन-तीन हप्त्यांत घेतली तर त्यात काही दोष नाही. ती सवलत अवश्य मागावी. लोक संकोचाने मागत नाहीत.

मग बिनव्याजी पैसा येणार कोठून? त्याचे एक उत्तर आपल्या भगिनींनी केव्हाच शोधून ठेवले आहे, आणि पुरुषमंडळी त्याला बायकांचा खेळ समजतात. ते म्हणजे भिशी. समजा, बारा भगिनी दरमहा हजार रुपये जमा करतात आणि दर महिन्याला चिठ्ठी निघेल तिला बारा हजार मिळतात. वर्षअखेर प्रत्येकीने बारा हजार दिलेले असतात आणि बारा हजारच घेतलेले असतात. जिचा क्रमांक आधी लागला तिला इतरांनी कर्ज-ए-हसना दिले, जिचा शेवटी लागला तिने इतरांना दिले. कोणी रुपया जास्त घेतला नाही. लिलावाची भिशी मात्र निराळी. तिच्यात गरजू भगिनी लवकर पैसे मिळावेत म्हणून बारा हजारांऐवजी साडेदहा हजार पत्करते आणि उरलेले दीड हजार बाकीच्या वाटून घेतात. गरजेच्या घाईवर घेतलेला हा नफा व्याजच होय, त्याला भिशी म्हणा की आणखी काही. साध्या भिशीत सर्वांच्या संमतीने एखादा क्रमांक राखून ठेवता येतो: प्रवेशाच्या महिन्यातील चिठ्ठी ज्या घरात कोणी शिकत आहे त्या घराला. जुन्या नाशकात एका गल्लीत दोन-दोन भिश्या चालतात. त्यांतील एका क्रमांकाने एका माणसाचे वर्ष मार्गी लागू शकते.

जकातीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. श्रीमंतासाठी आणि धडधाकट कमावत्यासाठी जकात नाही, अशी हदीस आहे, आणि वाटप करणारे बुजुर्ग तिचाच आधार घेतात. परंतु हनफी फुकहांनी जकात घेण्याची मर्यादा निसाबावर ठरवली आहे. राहते घर, कपडे, भांडी, कामाची अवजारे, विद्यार्थ्याची पुस्तके अशा मूलभूत गरजा आणि देणी वजा करून ज्याच्याजवळ साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी मालमत्ता उरत नाही, तो पगारदार असला तरी जकात घेऊ शकतो. शाफई मतानुसार ज्याची कमाई गरजेला पुरत नाही तो मिस्कीनच्या व्याख्येत येतो, आणि इमाम नववी (रह.) यांनी, धर्मज्ञान मिळवण्यात गुंतल्यामुळे ज्याला कमाई करता येत नाही त्याला जकात हलाल असल्याचे लिहिले आहे. दुनियेच्या विद्येला ही सवलत कितपत लागू करावी, यावर आजच्या आलिमांत मतभेद आहेत. आपल्या भागातील मुफ्तीसाहेबांना स्वतःची संपूर्ण परिस्थिती सांगून विचारणे हेच बरे. एक गैरसमज मात्र येथेच दूर करतो. पत्नीच्या अंगावर चार तोळे सोने आहे म्हणून पती निसाबाचा मालक ठरत नाही. सोने तिचे आहे, आणि त्याची जकातही तिच्यावर आहे. आणखी एक गोष्ट: बाप मुलाला किंवा मुलगा बापाला जकात देऊ शकत नाही, पण भाऊ भावाला, बहिणीला, पुतण्याला देऊ शकतो, आणि नातलगाला दिलेल्या दानात दानाचेही पुण्य आहे आणि नाते जोडण्याचेही. हनफी मतात जकात गरजूच्या मालकीची करून देणे आवश्यक असल्याने ती परस्पर महाविद्यालयात न भरता विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, किंवा त्याने तसे अधिकार दिल्यावर भरावी.

इमामसाहेबांचा उल्लेख वर केला होता. त्यांच्याबाबत मला थोडे कठोर बोलावेसे वाटते. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने २०१३ मध्ये मदरशांतून शिकलेल्यांसाठी सेतू अभ्यासक्रम सुरू केला, ही स्वागतार्ह गोष्ट होती. पण नाशिकमध्ये पाच वक्तांची नमाज पढवणारा आणि संध्याकाळी मुलांना नाजरा शिकवणारा माणूस बायको-मुलांना सोडून अलीगढला कसा जाणार? त्याला येथेच, राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या दहावी-बारावीतून किंवा मुक्त विद्यापीठाच्या वाटेने, जुहर आणि असरच्या मधल्या वेळात शिकावे लागते. त्याचा मोबदला किती असतो हे मशिदीच्या विश्वस्तांना ठाऊक आहे, म्हणजे आपल्यालाच ठाऊक आहे. मशिदीला नवा गालिचा, वातानुकूलन यंत्र, मीनारावर रोषणाई यांसाठी एका जुम्याला वर्गणी जमते. इमामाच्या परीक्षा-फीसाठी घोषणा झालेली तुम्ही ऐकली आहे काय? इमाम अबू हनीफा (रह.) कूफा शहरात कापडाचे व्यापारी होते. त्यांचे गरीब शिष्य अबू यूसुफ (रह.) यांना घरच्या गरजेमुळे शिकवणी सोडून कामाला जावे लागू नये म्हणून ते त्यांना स्वतःच्या मिळकतीतून पैसे देत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. तोच शिष्य पुढे हारून रशीदच्या काळात साम्राज्याचा मुख्य काजी झाला. मालेगावात कापडाच्या व्यापाऱ्यांची वाण नाही.

पैसा कोठूनही येवो, तो भरण्यापूर्वी एक चौकशी आवश्यक आहे. शरीअतने व्यवहारातील ‘गरर’, म्हणजे अंधारात ठेवणारी अनिश्चितता, निषिद्ध मानली आहे. ज्या शिक्षणासाठी आपण उंबरठ्याची फी भरत आहोत, त्या शिक्षणाचे दार या उंबरठ्यावरून खरोखर उघडते काय, हे आधी लेखी विचारून घ्यावे. उदाहरणार्थ, बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांनुसार, आवश्यक मूलभूत शिक्षण न घेता मुक्त विद्यापीठातून थेट मिळवलेली पदवी कायद्याच्या प्रवेशासाठी चालत नाही. वकील होण्याचे स्वप्न घेऊन एखाद्याने बारावी टाळून पदवी केली, तर तीन-चार वर्षांची फी आणि घराचे तीन-चार वर्षांचे रविवार वाया जातात. अशा माणसाने आधी बारावीच केली पाहिजे. दलालाच्या ‘सर्व चालते’ या आश्वासनावर पत्नीच्या बांगड्या मोडू नयेत.

आणि कर्ज घेतले असेल, मग ते सख्ख्या भावाचे का असेना, तर ते लिहून ठेवावे. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत कर्जाच्या लिखापढीविषयी आहे (२:२८२), आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असे त्यात बजावले आहे. आपल्याकडे भावाकडून लिहून घेणे म्हणजे अविश्वास समजला जातो. खरे तर लिहिलेले नसते म्हणूनच पंधरा वर्षांनी, वडिलोपार्जित घराच्या वाटणीच्या वेळी, ‘तुझ्या शिक्षणाला मी दिले होते’ आणि ‘ते तर तू खुशीने दिले होतेस’ अशी भाषा सुरू होते. कागदावर एवढेच हवे: किती रक्कम, कोणत्या तारखेला, देणगी की कर्ज, कर्ज असेल तर परत कधी, आणि दोन साक्षीदार.

निकालाचा आणि परतफेडीचा संबंध मात्र त्या कागदात जोडू नये. ‘पास झालास तर परत कर’ असे म्हणणारा भाऊ प्रेमाने म्हणतो, पण त्यामुळे ते कर्ज आहे की देणगी हे कोणालाच कळेनासे होते. कर्ज असेल तर इंग्रजीचा पेपर राहिला तरी ते फेडायचे आहे. देणाऱ्यालाही आज्ञा आहे की ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, आणि माफच केले तर ते त्याच्यासाठी अधिक चांगले (२:२८०). अर्धवेळ शिकणाऱ्याचा एखादा विषय राहणारच. दुसऱ्या पाळीवरून परतलेल्या माणसाचा तो राहिला, तर देणाऱ्याने पुढच्या परीक्षेपर्यंत हप्ता मागू नये, आणि घेणाऱ्याने त्या काळात नवा मोबाईल घेऊ नये.